उपडा पेला

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

"दुखतंय ते अंगाला. पैलवानाला न्हाय."

आबा हे म्हणाले तेव्हा अमर सहा-सात वर्षांचा होता. तालमीच्या पायरीवरून पडून त्याचं कोपर फुटलं होतं. मी कॉलेजातून येत होते. माझ्या ओढणीनं रक्त पुसत होते आणि तो भोकाड पसरून रडत होता. आबांनी एवढं एकच वाक्य म्हटलं आणि अमर गप्प झाला. डोळ्यांत पाणी तसंच, ओठ घट्ट मिटलेले, नजर आबांवर. त्यानंतर त्याला रडताना मी कधी पाहिलं नाही.

आज ते वाक्य आठवलं ते एका अर्जामुळे. अर्जातला पहिलाच प्रश्न आहे, 'संबंधित व्यक्तीस गोळ्यांची सवय कशी लागली?' खाली चार ओळींची जागा. तासभर त्या चार ओळींकडे बघत बसले, मग ही वही उघडली. अर्जात जे मावत नाही ते इथे लिहीन म्हणते.

अंगदुखीच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीवर खटला चालला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानांतून गोळ्या विकल्या जात होत्या आणि कंपनीला ते माहीत होतं म्हणून. कंपनीनं कोर्टात तडजोड केली, पैसे भरले. त्यातला काही हिस्सा आपल्या पालिकेकडे आला आहे. गोळ्यांच्या आहारी गेलेल्या माणसांसाठी कुणी काही करणार असेल तर प्रस्ताव द्या, असं निवेदन पेपरात होतं. स्टाफरूममध्ये वाचलं आणि पुढचे दोन तास मुलींना मी काय शिकवलं, मला आठवत नाही.

परवा पालिकेत जाऊन आले. हे काम बघणाऱ्या बाई तरुण आहेत. दीक्षा कांबळे. "संस्था कुठली, ताई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आकाराम वस्तादांची तालीम. मी त्यांची मुलगी, संयोगिता. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बसा. चहा घेणार?"

दोन अटी आहेत. जागा संस्थेची हवी. आणि ज्या घरातलं माणूस गोळ्यांनी गेलं त्या घराला पहिला मान, पण तसं बायकोनं नाहीतर आईवडिलांनी लिहून द्यायचं, बहीण चालत नाही. अमरचं लग्न झालं नव्हतं. गदा मिळाली की करू, म्हणायचा. आई तर कधीच गेली. म्हणजे लिहून देणारे आबा, आणि तालमीचे अध्यक्षही आबाच.

"मग काय, घरचंच काम की!" दीक्षाबाई हसून म्हणाल्या. मीही हसले.

मला फार काही नको आहे. तालमीच्या माडीवर एक खोली. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यावेत, एखादा समजुतीनं बोलणारा माणूस बसावा. गुडघा गेला, खांदा गेला, गोळी सुटत नाही, असा पैलवान दवाखान्याची पायरी चढणार नाही. त्याला लाज वाटेल. तालमीची चढेल.

त्याच माडीवर मार्चमध्ये अमर झोपेत गेला. आदल्या दिवशी पन्हाळ्याच्या बाजूला जत्रेच्या मैदानात कुस्ती मारून आला होता. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' असं लिहिलं आहे. त्याच्या गादीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, पुष्कळ. मी ती पदरात गोळा करत होते तेव्हा आबा दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. आज सात महिने झाले, आम्ही अजून तिथेच उभे आहोत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज विचारलं.

आबा पहाटे थंडाई घोटत होते. रात्री भिजत घातलेले बदाम सोलून दगडी कुंडीत टाकायचे, वर खसखस, बडीशेप, मिरी, आणि दोन्ही पायांत कुंडी धरून कडुलिंबाच्या सोट्यानं घोटत राहायचं. सोट्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. आईनं लावलेलाही चालत नसे. अलीकडे शेवटचं घोटणं तर दार लावून करतात. अमर होता तोवर तो पितळी पेला अमरचा होता. आता आबा स्वतःच पितात. सत्तरी उलटल्यावर कसली थंडाई, असं पेठेतली माणसं म्हणतात. मी म्हणत नाही. एखाद्याच्या जाण्यानंतर दुसऱ्यानं त्याचा पेला पीत राहावं, यातलं दुःख मला कळतं.

अमर म्हणायचा, "ताई, आबांच्या थंडाईत जादू हाय बघ. पेला रिकामा झाला की गुडघा बोलायचाच बंद हुतो." गुडघ्याचा सांधा सरकल्यानंतरचे ते दिवस. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर कुस्तीच्या हौदात उतरायचं नाही. तो महिन्याभरात उतरला.

मी आबांना अर्जाचं सगळं सांगितलं. ते घोटत राहिले. सांगून झाल्यावर म्हणाले, "माडीला कुलूप हाय."

"किल्ली तुमच्याकडेच आहे की आबा."

"म्हणूनच कुलूप हाय."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या तसं करतात, म्हणून. तबक फिरवताना वाटलं, मला भाऊ नाही असं कसं म्हणायचं? आहे तर खरा. फक्त ओवाळून घ्यायला येणार नाही.

आबा गॅलरीत खुर्चीवर बसून पेंगत होते. मी त्यांनाही ओवाळलं. दिव्याच्या उजेडात त्यांनी डोळे किलकिले केले. बुबुळं अगदी मोहरीएवढी दिसत होती. वय झालं माझ्या बापाचं.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रस्ताव लिहिणं सोपं नाही. सरकारी मराठी मला मुलींच्या निबंधांतल्या चुकांपेक्षा जास्त त्रास देते. 'लाभार्थी' असा शब्द जागोजागी आहे. अमर जिवंत असता तर तो लाभार्थी झाला असता. हा शब्द मी सगळीकडे खोडून 'माणूस' लिहिला. मग दीक्षाबाईंचा फोन आला, "ताई, तेवढं लाभार्थीच राहू द्या, नाहीतर वरून परत येतंय." परत लिहिला.

शेजारच्या आक्का दूध आणायला निघाल्या होत्या. जिन्यात गाठलं मला. "भावाच्या मरणावर अनुदान काढाय लागलीयास म्हणं?"

मी म्हटलं, "हो."

त्या हो म्हणण्याची त्यांना अपेक्षा नव्हती. चरवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, "न्हाय, लोकं बोलत्यात म्हणून म्हटलं. मला काय करायचंय बाई." आणि दोन पायऱ्या उतरून परत वळल्या. "चांगलं पोर हुतं गं. माझा सिलिंडर एका हातानं वर न्यायचं."

त्या गेल्या आणि मी जिन्यातच बसून रडले.

आबा जेवताना पेंगतात हल्ली. हातात भाकरीचा तुकडा तसाच असतो. पोट साफ होत नाही म्हणून रोज इसबगोल मागतात. अंगाला खाज सुटते. थंडीनं कातडी कोरडी पडली असेल, मी खोबरेल लावून देते. पण एक गोष्ट चांगली झाली. ते चिडत नाहीत आता. पूर्वी तालमीतल्या कुणाची बैठक चुकली तर आवाज रंकाळ्यापर्यंत जायचा. आता बघत बसतात. शांत. दुःखानं माणूस मऊ होतो, तसे झालेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

परत विचारलं, आणि आज ते बोलले.

मी म्हटलं, "आबा, गोळ्यांनी गेला एवढंच लिहून द्यायचंय. कुणाचं नाव नाही, कुणाचा दोष नाही."

"मैदान मारून आलं पोरगं. जिंकून गेलं. त्येला तू गर्दुल्ला म्हणून कागदावर घालणार?"

"तसं नाही आबा. उद्या दुसरा कुणी..."

"त्येला दुखत हुतं संयू." आबांनी मला मधेच तोडलं. "माझ्या डोळ्याम्होरं दुखत हुतं. रात रात कण्हायचं. तुला काय ठावं."

मी म्हटलं, "म्हणूनच तर आबा. त्या गोळीनं..."

तेव्हा ते उठले. भिंतीला धरून उठले. "गोळी मारती तर मी जिता असतो व्हय?" म्हणाले आणि आत गेले.

दिवसभर ते वाक्य माझ्या मागे फिरत होतं. खरं आहे. मुलगा गेला आणि बाप जिवंत राहिला, हा प्रश्न त्यांना रोज पडत असणार. मी सहीच्या मागे लागून त्यांना तो पुन्हा पुन्हा विचारते आहे. चार दिवस विषय काढायचा नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

दत्तजयंतीला आबांना घेऊन नृसिंहवाडीला गेले होते. आई दरवर्षी जायची. काल सकाळी निघून रात्री परतायचं होतं, पण पालखी बघून बाहेर येईपर्यंत एस.टी.ला ही गर्दी. शेवटी ओळखीच्या पुजाऱ्यांकडे मुक्काम केला. आबांची परतण्यासाठी फार चुळबुळ चालली होती. "पहाटेला घरी पायजे मी," सारखं म्हणत होते. थंडाईचा नेम मोडतो म्हणून. देवाच्या दारी एक दिवस नेम मोडला तर देव काही म्हणत नाही, मी म्हटलं.

आज सकाळी मात्र घाबरले. घाटावर आंघोळ करून आले तेच थरथरत. जांभयांवर जांभया. नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर काटा उभा राहिलेला आणि कपाळाला घाम. पोटात कळ येत होती म्हणून वाकून बसले. पाय तर एका जागी ठरेनात. मी स्वेटर घातला, आल्याचा चहा दिला, तो उलटून पडला. बासुंदी समोर आली तर तोंड फिरवलं. आई असताना हा माणूस वाडीच्या बासुंदीची वाटी चाटूनपुसून ठेवायचा.

"नदीचं पाणी बाधलं," पुजारी म्हणाले. मलाही तेच वाटलं. गाडी करून कोल्हापूरला आणलं. शिरोळच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक, पुढं सरकेनात. आबा खिडकीला डोकं लावून म्हणत होते, "हाण की रं बाबा, हाण की."

डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर ऐकलं नाही. घरी येऊन भर दुपारी कुंडी काढली. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. थंडाई प्यायले आणि तासाभरात माणूस बरा! घाम नाही, कळ नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून मला म्हणाले, "तुला उगं तरास झाला पोरी." मी त्यांच्या पायांना तेल चोळलं. महाराजांची कृपा, दुसरं काय.

८ डिसेंबर, सोमवार

दीक्षाबाईंनी एका डॉक्टरांचं माहितीपत्रक पाठवलं आहे, भाषा सुधारून द्यायला. प्रस्तावाला जोडायचं आहे. गोळी एकाएकी बंद झाली की काय होतं, त्याची लक्षणं त्यात आहेत. डॉक्टरांनी 'रोमांच उठणे' असं लिहिलं होतं. मी 'अंगावर काटा येणे' केलं. 'अश्रुस्राव' काढून 'डोळ्यांतून पाणी येणे' घातलं. प्रत्येक ओळीला अमर समोर येत होता. मैदानाहून यायला उशीर झाला की तो असाच व्हायचा आणि मी म्हणायचे, सर्दी झालीय तुला, काढा घे.

आबांना वाचून दाखवावं, निदान भाषा कळते का ते बघावं, म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला म्हणाले, "बंद कर."

मी बंद केलं. त्यांनाही अमर दिसला असणार.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहिते आहे. रागानं.

पालिकेकडून जागेची पाहणी होती. सही नसली तरी पाहणी करून ठेवू, वस्तादांचं मन कदाचित वळेल, असं दीक्षाबाईच म्हणाल्या होत्या. आबांना मी कालच सांगून ठेवलं होतं. ते हो-नाही काही म्हणाले नव्हते.

बाई सकाळी लवकर आल्या. तालमीच्या उंबऱ्याशी चपला काढून उभ्या राहिल्या. आमच्या तालमीत हौदाच्या खोलीत बाईमाणूस जात नाही. वस्तादांची मुलगी असून मी तिथली माती आजवर फक्त दारातून पाहिली आहे. आबा आतून म्हणाले, "पावणं, तिथनंच बघा काय बघायचं ते."

दीक्षाबाई म्हणाल्या, "बरं. माझे वडील मात्र आतलं सगळं सांगायचे. ते तुमच्याच हौदात होते. धोंडीराम कांबळे."

आबा एकदम वळले. कित्येक महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. "धोंड्या? ढाक डाव मारायचा त्यो? त्येची लेक व्हय तू?" आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "मग भाईर काय उभारलीयास? ये की आत! संयू, तू बी ये. येऊ द्या आज."

मी पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा आत गेले. दीक्षाबाईंनी वाकून चिमूटभर लाल माती कपाळाला लावली. मीही लावली. त्या मातीला ताकाचा आणि हळदीचा आंबूस वास येतो; अमरच्या अंगाला यायचा तोच. आबा धोंडीरामांच्या गोष्टी सांगत होते, मातीला जात नसती म्हणत होते, हसत होते. माडीकडे बोट करून म्हणाले, "बघू पुढं किल्लीचं." मला वाटलं, झालं. जमलं.

मग आम्ही घरात आलो. आबांची थंडाई घोटून तयार होती, पेला भरून ओट्यावर ठेवलेला. मी चहा टाकत होते. दीक्षाबाई लहान मुलीसारख्या हसून म्हणाल्या, "आजोबा, बाबा अजून तुमच्या थंडाईचं नाव काढतात. एक घोट द्या की मला." आणि पेल्याकडे हात केला.

आबांनी पेला झटकन ओढून घेतला. "ही न्हाय," म्हणाले. "ही न्हाय द्यायची." आणि अख्खी थंडाई मोरीत ओतून पेला उपडा घातला.

स्वयंपाकघरात चहाच्या उकळण्याचा तेवढा आवाज. दीक्षाबाईंचा हात अजून पुढेच होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला, पदराला पुसला. काही लागलं नव्हतं त्याला, तरी पुसला. "असू दे आजोबा," म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

मी आबांशी आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात बोलले नव्हते.

"तिची जात बघून पेला उपडा घातलात?"

आबा जमिनीकडे बघत होते.

"मातीत बोलावलंत, कौतुक केलंत, आणि पेल्याशी आल्यावर जात आठवली? पाहुण्याला पाण्याशिवाय पाठवलं नाही कधी या घरानं. बोला की आबा. जात बघितलीत?"

त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं. काल ती थंडाई ओतली, पुन्हा घोटायला बसले नाहीत. मग मान न उचलता म्हणाले, "व्हय. तसं समज."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आज स्वयंपाक करून झाकून ठेवला आणि वाढायला थांबले नाही.

दीक्षाबाईंना दोनदा फोन केला. उचलला नाही. कुठल्या तोंडानं उचलतील? आणि मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?

२१ डिसेंबर, रविवार

आज त्यांचाच फोन आला. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "थांबा ताई. आधी माझं ऐका."

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी वडिलांना सांगितलं होतं. खूप रडल्या होत्या, असं म्हणाल्या. धोंडीराम ऐकत राहिले आणि म्हणाले, "न्हाय. वस्ताद तसं करायचा न्हाय. ज्या काळात आमच्या सावलीला लोक बाजूला हुयाचं, त्या काळात त्यानं माझा उष्टा पेला तोंडाला लावलाय, साऱ्या तालमीम्होरं. त्यो जातीपायी पेला उपडा घालायचा न्हाय. पेल्यात काय हुतं ते इचार."

"मी दोन-तीन दिवस त्याचाच विचार करत होते," दीक्षाबाई म्हणाल्या. "मग डॉक्टरांशी बोलले. ताई, आबांचं पोट साफ होतं का? पेंगतात का ते? बुबुळं बघितलीत कधी?"

मी फोन कानाला लावून उभी राहिले. पुढचं त्यांनी विचारायची गरज नव्हती. ही वही मीच लिहिली आहे. भाऊबीजेचा दिवा मीच धरला होता. वाडीला स्वेटर मी घातला होता. माहितीपत्रकातले शब्द मीच सोपे केले होते, कुणालाही कळावेत म्हणून.

'पेला रिकामा झाला की गुडघा बोलायचाच बंद हुतो.' आबा थंडाईत गोळ्या घोटत होते, हे अमरला माहीत नव्हतं. त्याला ती जादू वाटायची. सोटा कुणाच्या हातात न देणं जुनंच, पण दार लावून घोटत, ते यासाठी. पोरगं रात्र रात्र कण्हत होतं आणि बापाला ते बघवलं नाही. पुढे तेवढ्यानं भागेना, तेव्हा अमर स्वतःच दुकानातून गोळ्या आणायला लागला.

आणि तो गेल्यावर आबांनी त्याचा पेला उचलला. गोळी मारती तर मी जिता असतो व्हय? मला वाटलं होतं ते शोकानं बोलताहेत. ते हिशेब सांगत होते. रोज पहाटे घोटून प्यायचं आणि संध्याकाळपर्यंत जिवंत राहायचं. मला नाही मारलं, म्हणजे त्यालाही नाही मारलं. म्हणजे मी नाही मारलं.

एका परक्या मुलीच्या ओठाला ती लागू नये म्हणून त्यांनी पेला उपडा घातला. आणि मी ओरडत असताना, जन्मात जे केलं नव्हतं ते केलं असं कबूल केलं.

दीक्षाबाई म्हणत होत्या, "ताई, आहात ना? प्रस्तावाची मुदत बुधवारी आहे, पण आता ते राहू द्या."

"राहू द्या," मी म्हटलं.

२२ डिसेंबर, सोमवार

शाळेतून रजा घेऊन डॉक्टरांना भेटले. या वयात एकदम बंद करायची नाही, ते म्हणाले. जिवावर बेतू शकतं. थोडी थोडी कमी करायची, रोज कुणीतरी समोर बसून, आणि त्यांना माहीत असताना. "ते येतील का इथं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग तुम्हीच बसा समोर," म्हणाले.

बुधवारी प्रस्ताव जाणार नाही. सहीची जागा मोकळी आहे आणि मी ती आता मागणार नाही. त्या एका सहीत मी त्यांच्याकडून काय लिहून मागत होते, ते मला कळलं नव्हतं. माडीचं कुलूप तसंच राहील. पालिका पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव मागवेल, न मागवेल. मला खोली हवी होती दुखणं लपवणाऱ्या माणसासाठी, आणि तो माणूस माझ्याच हातची भाकरी खात पेंगत होता.

संध्याकाळी मी त्यांना वाढलं. समोर बसले. ते दुधात भाकरी कुस्करत राहिले. मी म्हटलं, "धोंडीरामकाकांनी निरोप दिलाय. वस्ताद तसं करायचा न्हाय, म्हणाले." आबांचा हात थांबला. वर बघितलं नाही. दुधात एक थेंब पडला, मग दुसरा. या माणसाला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. पाणी त्यांनी पुसलं नाही, मीही दिसल्याचं दाखवलं नाही. त्यांनी ते दूध पिऊन टाकलं आणि ताटाला हात जोडून उठले.

मी त्यांना न सांगता गोळ्या कमी करू शकले असते. बदाम जास्त, दुसरं कमी. त्यांना कळलंही नसतं. पण तसं या घरात एकदा झालं आहे. अमरला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी विचारणार आहे.

बदाम मीच भिजत घातलेत आज. पहाटे ते कुंडी काढतील तेव्हा समोर जाऊन बसेन. ते दार लावायला उठतील, मी हलणार नाही. सोट्याला कधी कुणाला हात लावू दिला नाही त्यांनी, मलाही लावू देणार नाहीत, हे मला आजच माहीत आहे. मान हलवतील, नाहीतर म्हणतील, 'तुला न्हाय जमायचं ते.' तरी म्हणणार आहे:

आबा, उद्यापासून थंडाई मी घोटू? तुमच्या गोळ्या माझ्याकडे द्या. तुमच्यासमोरच टाकते, दार उघडं ठेवून. रोज थोडी कमी. सोटा द्या माझ्या हातात.